बुळकांडीचा शेवटचा आकडा

मध्यम चणीच्या एका गाईचे वजन ३०० किलो धरू. ती अचानक दगावली, तर का दगावली हे शोधण्याचे काम पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञाकडे येते. तो तिचे शवविच्छेदन करतो, ज्या अवयवाचा संशय येतो त्याचा लहानसा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतो, मग तो मेणात बसवून मायक्रोटोमवर त्याचे काप काढतो. असा एक काप साधारण ४ मायक्रॉन जाडीचा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे २५० काप बसतात. एक सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद कापाचे वजन भरते जेमतेम ०.४ मिलिग्रॅम. आता भागाकार करून पाहा. काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला तो काप म्हणजे त्या गाईचा ७५ कोटींवा हिस्सा आहे.

एवढ्याशा भागावरून त्याला सांगायचे असते की गाय कशाने मेली आणि गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांना कशापासून वाचवायचे. म्हणूनच कुठला तुकडा घ्यायचा, हा त्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा प्रश्न. गाईचे लहान आतडे सुमारे ४० मीटर लांब असते, तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून अधिक चारा-पाणी मावते. एवढ्या पसाऱ्यातून नेमकी रोगाची जागा डोळ्यांनी, बोटांनी ओळखावी लागते. तेही वेळेशी शर्यत लावून, कारण उष्ण हवेत शव काही तासांत कुजू लागते आणि पुरावा पुसला जातो. शिवाय सुरी चालवण्याआधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासावा लागतो. काळपुळी असेल तर शव उघडायचेच नाही. हवा लागली की तिचे जंतू चिवट बीजाणू बनवतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे धोक्याची होते.

या पेशातल्या माणसांची नावे सहसा कुणाला माहीत नसतात. पण माणसाने पृथ्वीवरून आजवर फक्त दोनच रोग समूळ घालवले. पहिला देवी. दुसरा बुळकांडी, म्हणजे रिंडरपेस्ट, गुराढोरांचा काळ. आणि या दुसऱ्या विजयाच्या मध्यभागी एक पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञ उभा आहे : वॉल्टर प्लॉराइट. त्याच्या कामाची खरी मापे आकड्यांतच कळतात. काही आकडे इतके मोठे की कल्पना थकते, काही इतके लहान की विश्वास बसत नाही.

दिवसाला दीड किलोमीटर

बुळकांडीचा विषाणू गाईगुरांच्या नाकातोंडातून शिरतो आणि थेट शरीराच्या संरक्षणावरच घाला घालतो. लसीकाग्रंथी, प्लीहा, आतड्याच्या भिंतीतल्या लसीकापेशींचे पुंजके यांचा तो नाश करतो. काही दिवसांत ताप ४०-४१ अंश सेल्सिअसवर जातो. डोळ्यांतून, नाकातून पाणी, हिरड्यांवर आणि ओठांच्या आत पांढुरके ठिपके, त्यांचे व्रण, आणि मग न थांबणारी हगवण. शरीरातले पाणी संपते आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात जनावर मरते. शवविच्छेदनात मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागात लाल-काळपट पट्टे दिसतात, विकृतिशास्त्रज्ञ त्यांना झेब्रा पट्टे म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक पेशी एकमेकींत विरघळून झालेल्या, अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी दिसतात. ज्या कळपाला हा रोग पूर्वी कधी शिवलेला नाही, त्यात शंभरातली ८० ते ९० जनावरे जात.

अठराव्या शतकात एकट्या युरोपात बुळकांडीने सुमारे २० कोटी गुरे मेल्याचा अंदाज सांगितला जातो. त्या संकटापोटीच क्लोद बुर्जेला याने फ्रान्समधल्या लियाँ शहरात जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा काढली. फ्रेंच राजाचा हुकूम १७६१ चा, शाळा सुरू झाली १७६२ मध्ये. आधुनिक पशुवैद्यक हे बऱ्याच अंशी या एका रोगाने जन्माला घातलेले शास्त्र आहे.

मग आली आफ्रिकेची पाळी. १८८७ मध्ये इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला. दहा वर्षांत तो खंडाच्या पार दक्षिणेकडच्या केप वसाहतीत पोहोचला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे चरत चरत पुढे सरकणाऱ्या कळपांमधून मृत्यू दिवसाला सरासरी दीड किलोमीटर चालत गेला, सलग दहा वर्षे. झांबेझी नदीच्या दक्षिणेला सुमारे २५ लाख गुरे मेल्याचा अंदाज आहे. इथिओपियात दहातली नऊ गुरे गेली. तिथली शेती बैलांच्या नांगरावर चालणारी, आपल्यासारखीच. बैल नाही म्हणजे नांगरट नाही, नांगरट नाही म्हणजे पीक नाही. १८८८ ते १८९२ या काळातल्या दुष्काळात देशातली एक तृतीयांश माणसे मेली असावीत, असे इतिहासकार मानतात. हा रोग माणसाला होत नाही. तरीही त्याने मारलेल्या माणसांची गणती लाखांत करावी लागते.

हा हिशेब मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. दावणीचे दोन बैल एका आठवड्यात गेले तर त्या घराचे वर्ष गेले.

पुणे, मुक्तेश्वर आणि मुंबई

भारतात बुळकांडी परकी पाहुणी नव्हती, ती इथे ठाण मांडूनच होती. १८७१ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने गुरांच्या साथींवर सविस्तर अहवाल दिला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पण इतका झपाट्याने पसरणारा रोग घेऊन दाट वस्तीत प्रयोग करणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हिमालयात, मुक्तेश्वरच्या सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचा जन्म पुण्याचा.

१८९६ च्या डिसेंबरात क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला पोहोचला. बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त टोचले तर निरोगी जनावराला संरक्षण मिळते, असे त्याने काही आठवड्यांतच जाहीर केले. उपाय धोक्याचा आणि अपुरा होता, पण हाताशी दुसरे काहीच नव्हते. तिथले काम सोडून १८९७ मध्ये कॉख आला तो मुंबईला, कारण इथे माणसांमध्ये प्लेगने थैमान घातले होते. त्याच फेरीत तो मुक्तेश्वरलाही जाऊन आला.

१९२० मध्ये तर भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि युरोपात बुळकांडी पुन्हा उसळली. त्या धक्क्याने देश एकत्र आले आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी प्राण्यांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. माणसांसाठीची जागतिक आरोग्य संघटना त्यानंतर २४ वर्षांनी आली.

१९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवून सौम्य केला आणि त्याची लस केली. तिने भारतातली असंख्य गुरे वाचवली. पण काही जातींना, विशेषतः नाजूक संकरित आणि विलायती जनावरांना ती फार जड जाई; लसीनेच जनावर आजारी पडे. शिवाय लस बनवायला शेळ्या माराव्या लागत. कोट्यवधी गुरांना पुरेल, कुठल्याही जातीला चालेल आणि स्वस्तात बनेल अशी लस हवी होती.

१५,८८२ पैकी ८७

वॉल्टर प्लॉराइट यांचा जन्म २० जुलै १९२३ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या होलबीचचा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातून १९४४ मध्ये ते पशुवैद्य झाले. सैन्याच्या पशुवैद्यकीय दलात असताना त्यांनी केनिया पाहिला. काही काळ कॉलेजात शिकवून १९५० मध्ये ते पुन्हा आफ्रिकेत गेले. केनिया, मग नायजेरिया, आणि १९५६ मध्ये परत केनियातल्या मुगुगा इथल्या पूर्व आफ्रिकी पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत, विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून.

त्या काळी अमेरिकेत जॉन एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत, जिवंत पेशींवर वाढवून दाखवला होता. १९५४ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. बुळकांडीचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. त्यालाही जनावराबाहेर, नुसत्या पेशींवर वाढवता येईल का? प्लॉराइट आणि त्यांचे सहकारी आर. डी. फेरिस यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी घेतल्या, त्यांचा पातळ थर काचेवर वाढवला आणि त्यावर कबेटे ‘ओ’ हा केनियातला जहाल विषाणू सोडला. पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी होऊ लागल्या. मेलेल्या गुरांच्या ऊतींमध्ये विकृतिशास्त्रज्ञ जी खूण शोधत असत, तीच आता काचेवर डोळ्यांदेखत घडत होती. विषाणू किती आहे, किती जोमाचा आहे, हे मोजायला आता बैल मारावा लागणार नव्हता.

मग सुरू झाले चिकाटीचे काम. एका पेशीथरावर वाढलेला विषाणू काढायचा, नव्या थरावर सोडायचा, वाढू द्यायचा, पुन्हा काढायचा. असे ९० वेळा. दर खेपेला आधीच्या द्रवाचा फक्त दहावा हिस्सा पुढे गेला असे नुसते हिशेबापुरते धरू. मग मूळ थेंबातला जो अंश नव्वदाव्या खेपेपर्यंत उरेल, तो १ भागिले १ वर ९० शून्ये एवढा. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्ये मानली जाते. म्हणजे मूळ जहाल विषाणूचा एक कणही शेवटच्या बाटलीत असण्याची शक्यता उरत नाही. तिथे जे होते ते पूर्णपणे त्याच्या वंशजांचे होते, आणि ते वंशज वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर राहायला शिकताना गुरांना मारायचे विसरले होते.

या विसरण्याचे माप पुढे, १९९६ मध्ये कळले, जेव्हा दोन्ही विषाणूंची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून शेजारी ठेवली गेली. बुळकांडीच्या विषाणूची संहिता १५,८८२ अक्षरांची आहे; मासिकाच्या सहा-सात पानांत मावेल एवढी. मारणारा विषाणू आणि त्याच्यापासूनच बनलेली लस यांत फरक निघाला तो फक्त ८७ अक्षरांचा. अर्धा टक्का आणि वर थोडे. एकीकडे कळपातली ८०-९० टक्के जनावरे मारणारा रोग, दुसरीकडे साधा तापही न आणणारी लस, आणि दोहोंमध्ये दोन ओळींचे अंतर. प्लॉराइट यांनी ही अक्षरे कधी पाहिली नव्हती. त्या काळी ती वाचण्याचे तंत्रच नव्हते. त्यांनी पाहिल्या त्या पेशी आणि गुरे, आणि तेवढ्या पुराव्यावर ते योग्य जागी थांबले.

३१६ एककांचे कवच

लसीचे इतर आकडेही थक्क करणारे आहेत. जनावराला टोचायच्या एका मात्रेत विषाणूची किमान किती संसर्गक्षम एकके हवीत, याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले : सुमारे ३१६. लाखो नव्हे, हजारो नव्हे, तीनशे सोळा. चारशे किलोच्या बैलाला एवढ्या एककांनी आयुष्यभराचे संरक्षण मिळे. प्लॉराइट यांनी लस टोचलेली गुरे वर्षानुवर्षे सांभाळली, मग त्यांना मुद्दाम जहाल विषाणू टोचून पाहिला, गुरे तगली. देशी गाय असो, म्हैस असो वा विलायती संकर, लस सर्वांना चालली. लस टोचलेल्या जनावरापासून दुसऱ्याला विषाणू लागत नव्हता. आणि वासराच्या एका मूत्रपिंडाच्या पेशींवर मोठ्या संख्येने मात्रा बनत असल्याने ती गरीब देशांनाही परवडत होती.

त्याच वर्षांत प्लॉराइट आणखी एक काम करत होते. टांगानिका आणि केनियाच्या माळरानांवरच्या वन्य प्राण्यांचे रक्त तपासून त्यांना बुळकांडी होऊन गेली का, हे ते पाहत होते. सेरेंगेटीच्या विल्डेबीस्ट या मोठ्या हरणांमध्ये वर्षाच्या आतली पिल्ले दर वर्षी या रोगाने मरत. जंगली प्राणीच रोगाचे कोठार असतील आणि गुरांना टोचून उपयोग नसेल, अशी भीती होती. घडले उलटेच. आसपासच्या गुरांना लस मिळाली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विल्डेबीस्टच्या पिल्लांच्या रक्तातून रोगाच्या खुणा नाहीशा झाल्या. रोग गुरांकडून जंगलात जात होता, हे सिद्ध झाले.

१९६१ मध्ये सेरेंगेटीत सुमारे २.६ लाख विल्डेबीस्ट होते. १९७७ पर्यंत ते १३-१४ लाखांवर गेले. यांतल्या एकालाही लस टोचलेली नव्हती. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ले, वाळक्या गवताचे वणवे घटले, वणवे घटल्याने झाडांची रोपे जगली आणि माळावर पुन्हा वृक्ष वाढू लागले. आज दूरदर्शनवर नदी ओलांडणारे जे लाखोंचे कळप आपण श्वास रोखून पाहतो, त्यांची ती संख्या गोठ्यातल्या गुरांना टोचलेल्या सुईमुळे उभी राहिली आहे.

प्लॉराइट यांचे काम एवढ्यावर संपत नाही. १९६० मध्ये त्यांनी विल्डेबीस्टकडून गुरांना होणाऱ्या दुसऱ्या एका घातक ज्वराचा विषाणू वेगळा केला. १९६९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू रानडुकरांच्या बिळांतल्या गोचिडांमध्ये राहतो, हे सहकाऱ्यांसह दाखवले. अर्धशतकानंतर तोच रोग चीनमध्ये घुसून डुकरांच्या कळपांचा फडशा पाडू लागला आणि २०२० मध्ये आसामातही पोहोचला, तेव्हा जगाला त्या जुन्या संशोधनाकडे परतावे लागले.

८० टक्के पुरले नाहीत

उत्तम लस हाती आली म्हणजे रोग संपला, असे झाले नाही. हा भाग मला या सगळ्या कथेत सर्वांत शिकवणारा वाटतो.

भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. उद्दिष्ट होते ८० टक्के गुरांना लस. उद्रेक हजारांवरून शेकड्यांवर आले, पण शून्य होईनात. आफ्रिकेत १९६२ पासून १९७६ पर्यंत अनेक देशांनी मिळून मोहीम चालवली. रोग इतका घटला की लोकांना तो संपल्यासारखाच वाटला. मग पैसा आटला, लक्ष दुसरीकडे गेले. इथिओपियात आणि माली-मॉरिटानियाच्या सरहद्दीवर रोगाचे छोटे कोपरे उरले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथूनच तो पुन्हा उसळला आणि नायजेरियापर्यंत कळप उद्ध्वस्त करत गेला.

रोगाला जिवंत राहायला कोटी जनावरे लागत नाहीत. एकामागून एक लागण होत राहील एवढे काही कळप, एखादा बाजार, गुरांची एखादी वाट, एवढे त्याला पुरते. ८० टक्क्यांच्या पलीकडचे २० टक्के कुठे आहेत, हा खरा प्रश्न होता. ते विखुरलेले नसून एकाच ठिकाणी, सुई न पोहोचलेल्या भटक्या पशुपालकांच्या तांड्यांत असतील, तर देशाची सरासरी काहीही सांगो, रोग जगतो.

यातून तीन गोष्टी बदलल्या. पहिली, लस. प्लॉराइट यांच्या लसीला बर्फाची साखळी लागे. जेफ्री मरिनर यांनी तीच लस वेगळ्या रीतीने सुकवून अशी केली की ती ३७ अंश सेल्सिअसवरही महिनाभर टिके. मग ती खांद्यावरच्या पिशवीतून, पायी, वाळवंटात नेता येऊ लागली. दुसरी, माणसे. पशुपालकांच्या टोळ्यांतल्याच तरुणांना टोचायला शिकवले गेले. तिसरी गोष्ट सर्वांत धाडसाची : योग्य वेळी लस बंद करणे. लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराचे रक्त एकसारखेच दिसते. लस चालू असेपर्यंत रोग खरोखर गेला की दडला आहे, हे कळूच शकत नाही.

लस थांबली की सगळा भार विकृतिशास्त्रज्ञावर येतो. हगवण आणि तोंडात व्रण असलेले प्रत्येक जनावर संशयित. लाळ्या-खुरकूत आहे की बुळकांडी? दुसराच काही विषाणू आहे का? भारतात गावोगावी, गुरांच्या बाजारांत, ने-आण करण्याच्या वाटांवर शोध घेतला गेला. रक्ताचे, ऊतींचे नमुने प्रयोगशाळांत गेले. ‘नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा, पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये देश या विषाणूच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झाले. मधली अकरा वर्षे रोग नसल्याचे सिद्ध करण्यात गेली.

शून्य

जगातला शेवटचा नोंदलेला रुग्ण २००१ मधला, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातला रानरेडा. प्लॉराइट यांनी ज्या देशात लस बनवली, त्याच देशात रोग संपला. त्यानंतर दहा वर्षे शोध चालूच राहिला. १९८ देश आणि प्रदेश रोगमुक्त असल्याचे तपासले गेले आणि २०११ च्या मे-जूनमध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याची घोषणा झाली. वॉल्टर प्लॉराइट १९ फेब्रुवारी २०१० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले. घोषणा त्यांनी ऐकली नाही, पण १९९९ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले होते. गुरांच्या डॉक्टराला अन्नाचे पारितोषिक, यात सगळे आले. १९६५ ते १९९८ या काळात बुळकांडी आटोक्यात आल्याने वाढलेल्या कृषी-उत्पादनाची किंमत जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाने आफ्रिकेत ४७ अब्ज डॉलर आणि भारतात २८९ अब्ज डॉलर होती.

२०१९ मध्ये इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेने आपल्याकडचे बुळकांडीचे तीन हजारांहून अधिक नमुने, त्यांची संहिता वाचून घेऊन, नष्ट केले. हजारो वर्षे माणसाच्या शेतीवर सावट धरलेला विषाणू आता मोजक्या, कडेकोट प्रयोगशाळांत आणि संगणकातल्या अक्षरांत उरला आहे.

त्याच २०१९ सालच्या पशुगणनेत भारतात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात सुमारे १.४ कोटी गायी-बैल, ५६ लाख म्हशी. यांतल्या एकाही जनावराला बुळकांडीची लस लागत नाही. आजच्या तरुण शेतकऱ्याने हा रोग पाहिलेला नाही, तरुण पशुवैद्यानेही फक्त पुस्तकात वाचला आहे. न मेलेल्या जनावरांची यादी कुणी ठेवत नाही. म्हणून या शास्त्राचे सर्वांत मोठे यश कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि म्हणूनच त्याच्या प्रयोगशाळांना पैसा देताना हात आखडतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण काम संपलेले नाही. बुळकांडीचा जवळचा नातलग असलेला पीपीआर हा रोग शेळ्या-मेंढ्यांना मारतो. तो १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेत ओळखला गेला, १९८७ मध्ये भारतात सापडला. जगातल्या २०० कोटींहून अधिक शेळ्या-मेंढ्यांतल्या बहुतेकींना त्याचा धोका आहे. पुण्यात जन्मलेल्या त्याच संस्थेने मुक्तेश्वरला त्याची लस बनवली आहे. २०३० पर्यंत हा रोगही जगातून घालवायचा, असे २०१५ मध्ये ठरले. बुळकांडीला हरवता आले, कारण तिचा विषाणू एकाच प्रकारचा होता, लसीचे संरक्षण जन्मभराचे होते आणि बरे झालेले जनावर रोग वाहत नसे. पीपीआरच्या बाबतीतही हे तिन्ही दुवे आपल्या बाजूचे आहेत. उणीव आहे ती शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याची, आणि आपल्याकडे तो कोपरा म्हणजे माळावरून माळावर फिरणारा धनगरांचा वाडा.

२०२२ मध्ये लम्पीने देशात लाखाहून अधिक गुरे नेली, तेव्हा आपण सगळे जागे झालो. पण जागे होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी असते. कळपातली पहिली दोन-चार जनावरे मरतात, तेव्हा. त्या वेळी शव ओढ्यात टाकले गेले, तर आतडे, फुप्फुस, लसीकाग्रंथी यांतली सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत. तिथल्या माणसांना पुरेशी जागा, यंत्रे आणि सहकारी मिळाले पाहिजेत, आणि गावातल्या पशुपालकाला दगावलेल्या जनावराचे शवविच्छेदन मागण्याचा हक्क आपला आहे हे ठाऊक असले पाहिजे. लसीची मोहीम कोटींत चालते. पण कुणाला, कशाची आणि कुठे टोचायची हे तिला सांगायला कुणीतरी पहिले मेलेले जनावर उघडून नीट पाहिलेले असावे लागते. बुळकांडी शून्यावर आली, कारण शंभर वर्षे अशी माणसे हे काम करत राहिली. पीपीआर शून्यावर आणायचा असेल, तर या कामावरची माणसे कमी पडू देता कामा नयेत.